आपलं गाणं ब्लॉकचेनवर मिंट करताना: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

आराधी मेळे, शाहीर, कॉलेजातले रॅपर आणि तालुक्याच्या गावातले छोटे स्टुडिओ यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. सगळे वाचायला वेळ नसेल तर निदान ४, ७ आणि ९ वाचल्याशिवाय मिंटच्या बटणाला हात लावू नका.

१. गाणं ‘मिंट’ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

टांकसाळीत नाणं पाडतात तसं टोकन पाडायचं. ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली खातेवही. ‘अमुक कॉन्ट्रॅक्टमधलं ७ नंबरचं टोकन अमुक पत्त्याकडे आहे’ अशी नोंद तिच्यात होते. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे इथं कागदी करार नव्हे, टोकन पाडणारा आणि सांभाळणारा ब्लॉकचेनवरचा प्रोग्राम. पत्ता म्हणजे वॉलेटचा, टोकन ठेवायच्या डिजिटल पाकिटाचा क्रमांक. टोकनाची पहिली नोंद करणं म्हणजे मिंट करणं. गाण्याची फाइल त्या वहीत सहसा नसतेच. ती दुसरीकडे असते (प्रश्न ९) आणि टोकनात तिचा पत्ता असतो. सातबाऱ्याच्या कागदाला शेताची माती लागलेली नसते, तसंच हे. पण सातबाऱ्याची उपमा इथवरच ताणा. सातबारा सरकारदरबारी चालतो. टोकन हातात आहे म्हणून कॉपीराइट कायद्यानं गाणं तुमचं होत नाही.

२. गाणं यूट्यूबवर आहेच, लोक फुकट ऐकतात. मग टोकन कोण घेणार?

फार थोडे लोक. यूट्यूबवरून गाणं काढायची गरज नाही, ते तिथं वाजू द्या. टोकन घेणारा ऐकण्याचे पैसे देत नाही. तुमच्या गाण्याची क्रमांक घातलेली, ठरावीक संख्येतली प्रत आपल्या नावावर असावी म्हणून देतो. असे पंधरा-वीस चाहते आज तुमच्याकडे असतील तर थोडी टोकन काढा (किती, ते प्रश्न १२ मध्ये). एकही नसेल तर टोकन काढल्यानं ते येणार नाहीत. आधी श्रोते, मग टोकन.

३. टोकन विकलं की गाण्याचे हक्कही गेले का?

नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर लेखी आणि सही केलेला दस्त लागतो. नुसतं टोकन या वॉलेटमधून त्या वॉलेटमध्ये गेल्यानं तसं होत नाही. खरेदीदाराला काय मिळतं ते टोकनाच्या वर्णनात सरळ लिहा: ‘वैयक्तिक ऐकण्यासाठी. व्यापारी वापर, रीमिक्स, चित्रपट व जाहिरातीचे हक्क निर्मात्याकडे.’ ही ओळ नसली की सहा महिन्यांनी कुणीतरी तुमचं गाणं स्वतःच्या रीलला लावतो आणि ‘मी विकत घेतलंय’ म्हणून भांडायला येतो.

४. शब्द माझे, चाल मित्राची, गायली बहिणीनं, रेकॉर्डिंग नांदेडच्या स्टुडिओत. गाणं नक्की कुणाचं?

सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात, म्हणून जरा सविस्तर.

एका गाण्यात कायद्याला तीन वेगळ्या कृती दिसतात: शब्द, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण. शब्दांचे मालक तुम्ही, चालीचा मित्र. ध्वनिमुद्रणाचा मालक म्हणजे त्याचा ‘निर्माता’. ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो निर्माता. तुम्ही तासाचे पैसे मोजून स्टुडिओ घेतला असेल तर निर्माते तुम्ही, स्टुडिओवाले नव्हेत. स्टुडिओवाल्यानं ‘पैसे राहू दे, गाणं माझ्या चॅनलवर टाकू’ म्हणत फुकट करून दिलं असेल तर मात्र मामला उलटा होतो. बहिणीला आणि वादकांना कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहेत. सादरीकरणापुढची ५० वर्षं ते टिकतात.

म्हणून मिंट करण्याआधी एक कागद करा. मजकूर साधाच असू द्या: ‘आम्ही खाली सही करणारे या गाण्याचे गीतकार, संगीतकार, गायिका व वादक, या ध्वनिमुद्रणाची २५ टोकन ब्लॉकचेनवर काढून विकण्यास निर्मात्यास परवानगी देतो. मुदत १० वर्षे. क्षेत्र संपूर्ण जग. पहिल्या विक्रीची व पुढील रॉयल्टीची वाटणी पुढीलप्रमाणे.’ खाली नावं, टक्के, तारीख, सह्या.

मुदत आणि क्षेत्र विसरू नका. हक्क हस्तांतराच्या दस्तात मुदत नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत. टोकन तर जगभर विकलं जाणार. ‘ब्लॉकचेनवरील टोकन’ हे शब्दही हवेतच, कारण करार करताना व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, तो करार लागू होत नाही, अशी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीनं आली आहे. शिवाय गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हिस्सा ते लिहून दिलं तरी सोडू शकत नाहीत. ‘मित्रच आहे, तो काय मागतोय’ हे गाणं चालेपर्यंत खरं असतं.

५. आमचा आराधी मेळा तुळजापूरला गातो. देवीची गाणी, गोंधळ, भारुडं मिंट करता येतात का?

गाणं खरंच जुनं असेल तर येतात. पारंपरिक चाल आणि शब्द कुणा एकाच्या मालकीचे नसतात. पण तुमच्या मेळ्यानं संबळ-तुणतुण्यावर गायलेलं, तुम्ही मुद्रित केलेलं ध्वनिमुद्रण तुमचं असतं. त्याचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो.

अडचण असते ती ‘खरंच जुनं’ ठरवण्याची. ‘लहानपणापासून ऐकतोय’ एवढ्यावर विसंबू नका. शेवटचं कडवं ऐका, तिथं बहुधा नाममुद्रा सापडते. ‘एका जनार्दनी’ आलं तर रचना पैठणच्या एकनाथांची. त्यांनी १५९९ मध्ये देह ठेवला, त्यामुळे शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही. ‘नामयाची जनी’ आलं तर गंगाखेडच्या जनाबाईंची, त्याहून जुनी. पण शेवटच्या ओळीत विसाव्या शतकातल्या एखाद्या शाहिराचं नाव आलं की थांबा. भीमगीतांत आणि कॅसेटच्या काळातल्या देवीगीतांत हे सर्रास घडतं. गाणं लोकांच्या तोंडी इतकं रुळलेलं असतं की पारंपरिक वाटतं. पण गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. वारस बहुतेक वेळा पलीकडच्या तालुक्यातच भेटतात. जाऊन विचारा, सही घ्या, वाटा द्या.

शब्द जुने पण चाल एखाद्या गाजलेल्या कॅसेटवरून उचललेली असेल, तर चालीचा मालक वेगळा निघतो. जुनी पोथी नव्या टीपांसह छापलेली असेल तर टीपा संपादकाच्या.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर मुद्रित केल्या असतील तर आजी कलाकार आहे. काय करणार आहात ते तिला समजावून सांगा आणि संमती घ्या, अंगठा असला तरी चालेल, पण दोन साक्षीदार ठेवा.

६. कोणती चेन घ्यावी? खर्च किती येतो?

खर्चाला ‘गॅस’ म्हणतात. वापरलेला गॅस गुणिले त्या क्षणाचा दर, एवढाच हिशोब. इथेरियम या ब्लॉकचेनचं चलन ईथर, त्याचा बारका भाग ग्वेई: एक ईथर म्हणजे १०० कोटी ग्वेई. एक टोकन मिंट करायला समजा १,५०,००० गॅस लागला आणि दर २० ग्वेई असला, तर ०.००३ ईथर गेलं. स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट मुख्य इथेरियमवर चढवायला ३० लाख गॅस धरला तर त्याच दरानं ०.०६ ईथर. आजच्या भावानं गुणून पाहा. पहिल्या गाण्याला एवढा खर्च करण्यात शहाणपण नाही.

बेस, ऑप्टिमिझम यांसारखी इथेरियमवर टेकलेली दुय्यम नेटवर्क मार्च २०२४ च्या डेनकुन सुधारणेनंतर बरीच स्वस्त झाली. तिथं एक मिंट बहुतेक वेळा काही पैशांत किंवा काही रुपयांत होतो. तेझोस ही वेगळी ब्लॉकचेनही स्वस्त आहे. नवख्यानं दुय्यम नेटवर्क घ्यावं, असं आमचं मत. ‘वीज फार जळते’ ही तक्रार इथेरियमपुरती जुनी झाली: १५ सप्टेंबर २०२२ ला ते प्रूफ ऑफ स्टेक या फार कमी वीज लागणाऱ्या पद्धतीवर गेलं.

मिंटपेक्षा एक्स्चेंजवरून (रुपये आणि ईथर यांची अदलाबदल होते त्या बाजारातून) ईथर बाहेर काढायची फी पुष्कळदा जास्त असते. पाच वेळा थोडं थोडं काढू नका, एकदाच काढा.

७. वॉलेट कसं उघडायचं? सेतू केंद्रावरून चालेल का?

सेतू केंद्र, नेट कॅफे, मित्राचा लॅपटॉप यांपैकी काहीही चालणार नाही. वॉलेट उघडताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांची ओळ मिळते, तिला सीड फ्रेज म्हणतात. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात आणि क्रम बदलला तर निरुपयोगी. ही ओळ ज्याच्याकडे, वॉलेट त्याचं. ‘पासवर्ड विसरलो’ म्हणायला इथं बँकेचा साहेब नाही.

स्वतःच्या मोबाइलवर अधिकृत ॲप स्टोअरमधून वॉलेट घ्या. शब्द वहीत पेनानं लिहा, दोन प्रती करून दोन घरांत ठेवा. स्क्रीनशॉट नको, कारण तो गुपचूप क्लाउडवर जाऊन बसतो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणंही नको. मग वॉलेट काढून टाका आणि वहीतून पाहून पुन्हा उघडा. तोच पत्ता आला तरच त्यात पैसे टाका. एखादा शब्द वाचता येत नसेल तर पहिली चार अक्षरं पुरतात. यादीतल्या कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत.

मेळ्याचं किंवा बँडचं वॉलेट एकाच्या खिशात ठेवू नका. तिघांपैकी दोघांच्या सह्या लागणारं मल्टिसिग वॉलेट मिळतं.

८. गाण्याची फाइल कशी तयार करावी?

मास्टर डब्ल्यूएव्ही, २४ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. ४४.१ वर स्टिरिओ फाइल मिनिटाला सुमारे १६ एमबी होते, म्हणजे चार मिनिटांचं गाणं ६४ एमबीच्या आसपास. प्लॅटफॉर्मची मर्यादा आधी बघा. जास्त झाली तर एफएलएसी करा: आकार बराच उतरतो, दर्जा तोच राहतो. व्हॉट्सॲपवरून आलेला एमपी-थ्री पुन्हा डब्ल्यूएव्ही केल्यानं गेलेला आवाज परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

हलगी आणि संबळ यांच्या ठोक्याला मीटर क्षणात लाल होतं. मास्टरचा ट्रू पीक उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा, नाहीतर प्लॅटफॉर्म त्याची एमपी-थ्री करतो तेव्हा ठोका फाटतो. डीजेवर वाजवायला केलेलं ठोकून मोठं केलेलं मास्टर इथं देऊ नका.

मुखपृष्ठाचं चित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. इंटरनेटवरून उचललेला देवीचा फोटो नको. तो फोटोग्राफरचा असतो.

९. फाइल राहते कुठं? दहा वर्षांनी गाणं वाजेल का?

वाजेलच असं नाही, आणि त्याला जबाबदार तुम्ही केलेली निवड असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज दिवाळखोरीत गेलं. त्याच्या बाजारात निघालेल्या अनेक टोकनांचा मेटाडेटा (नाव, वर्णन आणि फाइलचे पत्ते असलेली माहिती) त्याच्याच वेबपत्त्यावर होता. टोकन लोकांच्या वॉलेटमध्ये शाबूत राहिली. पण चित्र उघडायला गेलं की दिवाळखोरीच्या माहितीचं पान यायचं.

म्हणून टोकनात साधा वेबपत्ता नको. दोन पर्याय आहेत: आयपीएफएस आणि आरवीव्ह, अनेक संगणकांवर पसरलेल्या साठवणुकी. आयपीएफएसमध्ये पत्ता फाइलच्या मजकुरावरूनच तयार होतो. एक बाइट बदलला तरी पत्ता बदलतो, त्यामुळे कुणी गुपचूप दुसरं गाणं घुसवू शकत नाही. पण फाइल कुणीतरी ‘पिन’ करून, म्हणजे आपल्या संगणकावर जपून, ठेवावी लागते. पिन करणाऱ्या सेवेचे पैसे थांबले आणि दुसऱ्या कुणाकडे प्रत नसली की पत्ता आहे, फाइल नाही. आरवीव्हमध्ये एकदाच पैसे भरायचे आणि दीर्घकाळ साठवणूक होईल अशी त्याची रचना आहे. पाच-सहा गाण्यांसाठी आरवीव्ह सोपं पडतं; आयपीएफएस घेतलं तर दोन वेगळ्या सेवांकडे पिन करा. दोन्ही ठिकाणी चढवलेली फाइल उघडी असते, पत्ता माहीत असलेला कुणीही ती ऐकू शकतो. ‘टोकनवाल्यालाच ऐकू येईल’ असं कुणाला सांगू नका.

मूळ मास्टर आणि प्रश्न ४ मधला कागद हार्डडिस्कवर घरीही ठेवा.

एकाच फाइलचे आयपीएफएस पत्ते दोन सेवांवर वेगळे आले तर घाबरू नका. फाइलचे तुकडे पाडायची पद्धत किंवा पत्त्याची आवृत्ती वेगळी असली की असं होतं. टोकनात जो पत्ता जाणार तोच दोन्हीकडे पिन झाला आहे का, एवढं तपासा.

१०. मेटाडेटात मराठी लिहिलं की कचरा दिसतो. का?

मजकूर बहुधा डीटीपीवाल्याकडून आलेला असतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं ‘देवीचा गोंधळ’ प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांची सरमिसळ असते. फाँट असेल त्याच संगणकावर ते मराठी दिसतं. युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करा आणि मेटाडेटाची जेसन फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. तपासायची सोपी रीत: मजकूर मोबाइलवर स्वतःला पाठवून बघा.

खाने मोजकेच असतात: नाव, वर्णन, चित्राचा पत्ता आणि गाण्याचा पत्ता. गाण्याचा पत्ता ‘ॲनिमेशन यूआरएल’ या खान्यात जातो. नाव विचित्र असलं तरी ऑडिओ तिथंच टाकायचा. चित्राच्या खान्यात टाकलात तर बाजारात काळा चौकोन दिसतो. खान्यांची नावं इंग्रजी लहान लिपीतच राहू द्या, त्यांचं मराठी करू नका. वर्णनात गीतकार, संगीतकार, गायक, वादक, निर्माता, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष आणि प्रश्न ३ मधली ओळ लिहा. ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा १२ अक्षरी आयएसआरसी क्रमांक असेल तर तोही.

११. पायऱ्या क्रमानं सांगा.

सगळ्यांच्या सह्या. मास्टर आणि चित्र पक्कं. या दोन फाइल साठवणुकीवर चढवा आणि दुसऱ्या मोबाइलवरून, दुसऱ्या नेटवरून उघडून पाहा. मग त्या पत्त्यांसह मेटाडेटा बनवून चढवा. टोकनाचा प्रकार ठरवा: एकच प्रत असेल तर ईआरसी-७२१, एकसारख्या पुष्कळ प्रती असतील तर ईआरसी-११५५. हे सगळं आधी सेपोलियासारख्या चाचणी नेटवर्कवर करा. तिथलं ईथर फुकट मिळतं आणि चुकाही फुकटच होतात. टोकन उघडून गाणं शेवटच्या सेकंदापर्यंत ऐका, कारण लाइट गेल्यामुळे अर्धवट राहिलेला एक्स्पोर्ट असाच पकडला जातो. त्यानंतर खरं नेटवर्क, आधी एकच टोकन. ते बरोबर दिसलं की बाकीची. मेटाडेटा ‘फ्रीझ’ करायचं, म्हणजे पुन्हा बदलता येणार नाही असा पक्का करायचं, बटण सगळ्यात शेवटी.

कॉन्ट्रॅक्ट शक्यतो स्वतःच्या नावाचं काढा. प्लॅटफॉर्मच्या सामायिक कॉन्ट्रॅक्टमध्ये तुमचं गाणं हजारो इतरांच्या गाण्यांच्या रांगेत असतं, आणि पुढं प्लॅटफॉर्म बदलायचा झाला की अडचण होते.

१२. किती प्रती काढाव्यात, किंमत काय ठेवावी?

जितके लोक नक्की घेतील असं वाटतं त्याच्या निम्म्या. दोनशे काढून नऊ विकल्या गेल्या की ते सगळ्यांना दिसतं आणि कायम दिसतं. किंमत तुमच्या कार्यक्रमाच्या तिकिटाच्या आसपास ठेवा. प्रतींची वरची मर्यादा कॉन्ट्रॅक्टमध्येच बांधा. नुसतं वर्णनात लिहिलेलं बंधन नाही.

१३. प्रत्येक पुनर्विक्रीवर रॉयल्टी आपोआप येते म्हणतात. खरं का?

अर्धवट खरं. ईआयपी-२९८१ हे मानक फक्त सांगतं की ‘या टोकनाची रॉयल्टी इतकी, या पत्त्यावर द्या’. देणं बाजाराच्या मर्जीवर असतं. ओपनसीसारख्या मोठ्या बाजारानं ऑगस्ट २०२३ मध्ये ही सक्ती मागं घेत असल्याचं जाहीर केलं. पुनर्विक्रीची रॉयल्टी मिळाली तर दिवाळी, असं धरून पहिल्या विक्रीचाच हिशोब करा.

आकडा भरताना एक नेहमीची चूक होते. पुष्कळ कॉन्ट्रॅक्टांत रॉयल्टी दहाहजारांश भागांत लिहितात: १० टक्के म्हणजे १०००. तिथं नुसतं १० भरलं की रॉयल्टी ०.१ टक्का होते.

१४. पथकात सात जण आहेत. पैसे प्रत्येकाला परस्पर जातील का?

जातील. ‘स्प्लिट’ कॉन्ट्रॅक्टमध्ये सात पत्ते आणि सात टक्केवाऱ्या भरायच्या, बेरीज बरोबर १०० हवी, आणि विक्रीचा पत्ता म्हणून त्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता द्यायचा. साध्या स्प्लिटमध्ये टक्के नंतर बदलत नाहीत. उद्या संबळवाला पथक सोडून गेला तरी या गाण्याचा त्याचा हिस्सा चालू राहतो, आणि ते योग्यच आहे. काही स्प्लिटमध्ये पैसे साचून राहतात. कुणीतरी ‘वाटप’ दाबून गॅस भरेपर्यंत वाट पाहावी लागते. ज्यांच्याकडे वॉलेट नाही त्यांचा हिस्सा कुणाकडे जमा होणार आणि रुपयात कधी मिळणार, हे प्रश्न ४ मधल्या कागदावरच लिहा. एक्स्चेंजचा जमा-पत्ता स्प्लिटमध्ये देऊ नका, तो बदलू शकतो.

१५. चुकून रफ मिक्स मिंट झालं. पुसता येईल का?

पुसता येत नाही. टोकन अजून तुमच्याकडेच असेल तर ‘बर्न’ करा. नोंद इतिहासात राहते, टोकन चलनातून जातं. मेटाडेटा फ्रीझ केला नसेल तर नवा पत्ता लावता येतो. विकलं गेलं असेल तर दुसऱ्याच्या वॉलेटमधून परत घेता येत नाही. नवं मिंट करून त्या खरेदीदाराला फुकट पाठवा आणि चूक वर्णनात उघड लिहा. काही जण रफ मिक्सच जपून ठेवतात, तो त्यांचा प्रश्न.

१६. व्यवहार दोन तास ‘पेंडिंग’ आहे. पुन्हा दाबू का?

नको. प्रत्येक व्यवहाराला ‘नॉन्स’ नावाचा अनुक्रमांक असतो. आधीचा अडला की मागचे सगळे त्याच्यामागं अडतात. वॉलेटमधलं ‘स्पीड अप’ वापरा, म्हणजे तोच क्रमांक, जास्त फी. रद्दच करायचं असेल तर त्याच क्रमांकानं स्वतःच्याच पत्त्यावर शून्य ईथर जास्त फीनं पाठवा. फसलेल्या व्यवहाराचाही गॅस जातो, तो परत मागायला दार नाही.

१७. ईथर आलं. रुपये खात्यात कसे आणायचे?

वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययू-इंडियाकडे नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरून. केवायसी तुमच्याच नावाची, बँक खातंही तुमचंच. पाठवताना एक्स्चेंज ते नेटवर्क स्वीकारतं का ते आधी बघा. दुय्यम नेटवर्कवरचं ईथर ते न घेणाऱ्या एक्स्चेंजला पाठवलं की ते अडकतं, कधी कायमचं. पहिल्यांदा अगदी थोडी रक्कम पाठवा.

टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाला ईथर देऊन त्याच्याकडून यूपीआयनं पैसे घेऊ नका. तो पैसा कुणाच्या तरी फसवणुकीतला निघाला की तुमचं खातं गोठतं, आणि गोठवणारं पोलीस ठाणं दुसऱ्याच राज्यात असू शकतं. त्याच खात्यात पीक विम्याचे पैसे आलेले असले तरी ते अडकतात.

१८. कर किती? गाण्याचा खर्च वजा होतो का?

एनएफटी (म्हणजे आपण काढतो तसं टोकन) आणि ईथर दोन्ही ‘आभासी डिजिटल मालमत्ता’. त्यांच्या हस्तांतरावर नफ्याच्या ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के उपकर. हा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे. नफा मोजताना फक्त खरेदीची किंमत वजा होते; गॅस, स्टुडिओचं भाडं, प्रवास काही नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही आहे.

उदाहरण घ्या. टोकन विकून तुम्हाला त्या दिवशीच्या भावानं २०,००० रुपयांचं ईथर मिळालं. हा पहिला व्यवहार. दोन महिन्यांनी तेच ईथर २६,००० ला विकलं. हा दुसरा: नफा ६,०००, कर १,८००, उपकर ७२. एक्स्चेंज २६,००० वर २६० टीडीएस कापेल, तो कराच्या हिशोबात धरला जातो. तेच ईथर १५,००० ला विकावं लागलं तर ५,००० चा तोटा दुसऱ्या कोणत्याही नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणून भाव वाढायची वाट बघत बसू नका, असं आम्ही सांगतो. आलं की विका.

पहिला व्यवहार, म्हणजे कलाकारानं स्वतःच काढलेल्या टोकनाची विक्री, व्यवसायाचं उत्पन्न धरायची की थेट ३० टक्क्यांत, यावर सीएंची दोन मतं आहेत. तुमच्या सीएला हाच प्रश्न नेमका विचारा आणि प्रत्येक विक्रीची तारीख, व्यवहार क्रमांक, त्या क्षणाचा रुपयातला भाव वहीत लिहून ठेवा.

१९. दुसऱ्याच कुणी माझं गाणं मिंट करून विकतंय. आता?

महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली आणि पुढं चांदीच्या ऐवजी तांब्या-पितळेची नाणी चालवली. घरोघरी बनावट नाणी पडू लागली आणि ती योजना बुडाली. ब्लॉकचेनवर तुमच्या कॉन्ट्रॅक्टचं बनावट टोकन पाडता येत नाही. पण गाणं तेच घेऊन शेजारी दुसरी टांकसाळ उघडायला कुणालाही मुभा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये हिटपीस या साइटवर असंख्य कलाकारांची गाणी त्यांना न विचारता टोकन म्हणून मांडलेली सापडली. ओरड झाल्यावर साइट बंद करावी लागली.

पानाचे स्क्रीनशॉट, कॉन्ट्रॅक्टचा पत्ता, टोकन क्रमांक घ्या. बाजाराला कॉपीराइट भंगाची लेखी नोटीस पाठवा, सोबत मूळ प्रोजेक्ट फाइल आणि पहिल्या प्रकाशनाचा पुरावा जोडा. बाजाराच्या यादीतून गाणं उतरतं, टोकन ब्लॉकचेनवर राहतं. जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण अशा वेळी उपयोगी पडते. शब्द किंवा संगीतासाठी शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,०००. अर्ज ऑनलाइन होतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

२०. इन्स्टाग्रामवर एक परदेशी गृहस्थ माझं टोकन ५ ईथरला मागतो. आधी ‘मिंटिंग फी’ भरा म्हणतो.

फसवणूक. घेणारा पैसे देतो, मागत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट: तो एक लिंक देतो, वॉलेट जोडायला लावतो, आणि सहीच्या खिडकीत ‘सेट ॲप्रूव्हल फॉर ऑल’ येतं. ती सही म्हणजे त्या कॉन्ट्रॅक्टमधली तुमची सगळी टोकन उचलायचं मुखत्यारपत्र. सही झालीच असेल तर लगेच परवानगी ‘रिव्होक’ करा, म्हणजे मागं घ्या, आणि उरलेलं नव्या वॉलेटमध्ये हलवा. रुपये गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन. सीड फ्रेज दिली असेल तर रिव्होक करून उपयोग नाही. ते वॉलेट सोडून द्या.

२१. टोकन घेणाऱ्यांना गाण्याच्या कमाईत वाटा देतो असं जाहीर करू का?

वकिलाशिवाय नको. ‘पैसे टाका, नफ्यातला हिस्सा मिळेल’ म्हटलं की गोष्ट संगीताची राहत नाही, गुंतवणूक योजनेची होते आणि सेबीचा कायदा लागू पडू शकतो. चिटफंडात पोळलेल्या गावांत तर हे शब्दही काढू नका. कार्यक्रमात पुढची जागा, तालमीचं रेकॉर्डिंग, सहीचं पोस्टर असं द्या.

२२. बीट नेटवरून घेतलेली आहे, थोडं एआयही वापरलंय. चालेल?

बीटच्या परवान्यात टोकन किंवा एनएफटीचा उल्लेख शोधा. स्वस्त परवान्यात ती बीट शंभर जणांना विकलेली असते, मग ‘एकमेव प्रत’ म्हणून तुम्ही काय विकणार? एआय साधनाच्या फुकट योजनेत व्यापारी वापराला पुष्कळदा मनाई असते. ज्या दिवशी गाणं बनवलं त्या दिवसाच्या अटी जतन करून ठेवा. वापर केला असेल तर वर्णनात लिहा.

२३. वडिलांची १९९२ ची कॅसेट आहे. कंपनी कधीच बंद पडली. ती मिंट करू का?

कॅसेटमधला आवाज जसाच्या तसा नको. कंपनीनं पैसे घालून काढली असेल तर त्या ध्वनिमुद्रणाची निर्माती कंपनी, आणि तिचा हक्क २०५२ संपेपर्यंत चालतो. दुकान बंद झालं म्हणून हक्क मरत नाहीत. तो कॅटलॉग पुढं कुणाला विकलेला असू शकतो. ‘करारात मुदत नव्हती, म्हणजे पाच वर्षांत हक्क परत आले’ हा प्रश्न ४ मधला नियमही इथं चालत नाही, कारण तो १९९४ च्या दुरुस्तीनं आला आणि तिच्या आधीच्या करारांना लागू नाही.

शब्द आणि चाल वडिलांची असेल तर जुना करार शोधा. पेटीत, ट्रंकेत, कॅसेटच्या कव्हरमागं, कुठंही. त्यात फक्त ध्वनिमुद्रणाची परवानगी असेल आणि शब्द-चाल विकलेली नसेल, तर गाणं नव्यानं गाऊन मुद्रित करा. ते नवं मुद्रण तुमचं. वडील हयात असतील तर त्यांची लेखी परवानगी घ्या, नसतील तर सगळ्या वारसांची, लग्न होऊन परभणीला गेलेल्या बहिणीसकट. करार सापडलाच नाही तर मिंट करू नका. तोवर कॅसेट डिजिटाइज करून ठेवा: डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, फीत एकदा पुढं-मागं पूर्ण फिरवून घ्या, आणि २४ बिटमध्ये उतरवा. तीस वर्षांहून जुनी फीत कोर्टाच्या तारखेची वाट पाहत नाही.